कोरा उतार

लुडविग्सहाफेनला बर्फ टिकत नाही. ऱ्हाईनचं सखल खोरं, दमट हवा, आणि रासायनिक कारखान्यांच्या पाइपांमधून सतत निघणारी वाफ. पडला तरी तासाभरात त्याचा राखाडी चिखल होतो. पण काल सकाळी पडला तो कोरडा पडला. बाल्कनीच्या कठड्यावर बोटभर जाडीचा थर बसला होता. मी चहाचा कप हातात धरून त्यावर फुंकर मारली आणि थर उडाला. चिकटला नाही, त्याची ढेकळं झाली नाहीत, चाळलेल्या पिठासारखा उडाला. असा बर्फ मी जवळजवळ चार वर्षांत पाहिला नव्हता. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

"खूप थंडी आहे का?" मिलिंदनं, माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"नाही. बर्फ कोरडा आहे."

तो पेपर वाचत राहिला.

२००१ साली आम्ही जर्मनीत आलो ते स्टुटगार्टला. मला शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग तपासायचं कंत्राटी काम मिळालं होतं. मिलिंद केमिस्ट, तो तेव्हा नोकरी शोधत होता. आमची मुलगी मैत्रेयी दोन वर्षांची होती. चढाच्या एका गल्लीत, तीन मजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. खालच्या मजल्यावर घरमालक, वाल्टर आणि हानेलोरे हेबर्ले. वाल्टर निवृत्त झाले होते. उभं आयुष्य त्यांनी कारखान्यात साचे बनवले होते, आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिची कड अंगठ्यानं तपासायचे.

तिथे केरवोखे असते. पाळीपाळीनं एकेका बिऱ्हाडानं जिना पुसायचा, फुटपाथ झाडायचा. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या पाळीत बर्फ पडला. मी नागपूरची. फावडं घेऊन मी खाली उतरले आणि झाडायचं सोडून बर्फ हातात घेऊन बघत बसले. खिडकी उघडून वाल्टर म्हणाले, "फ्राऊ मेश्राम, तो फेकायचा असतो." मी खजील झाले. ते बाहेर आले, माझ्या तळहातावरचा बर्फ बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाले, "हा ओला आहे. कामाचा नाही. खरा बर्फ बघायचाय का?"

पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला आलगॉयमध्ये नेलं. दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी, अडीच तासांवर एक लहान गाव होतं. तिथे ते १९६३पासून दर हिवाळ्यात जात होते. हानेलोरेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे तिनं स्की करणं सोडलं होतं. तिचे बूट मला बरोबर बसले. मिलिंद म्हणाला, "मला माझे गुडघे हवे आहेत," आणि मैत्रेयीला घसरगाडीवर बसवून ओढत राहिला. मी मात्र दिवसभर पडले, उठले, पडले, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा कधी यायचं ते विचारलं.

ऑफिसात माझ्याशी फारसं कोणी बोलायचं नाही. वाईट वागत नव्हते, पण मी खोलीत आले की वाक्यं लहान व्हायची. उतारावर कोणाला माझ्याकडे बघायची फुरसत नव्हती. तिथे माझं वजन, माझे पाय आणि पुढचं वळण, एवढंच होतं. दोन हिवाळ्यांत मी आखलेल्या वाटेवर नीट उतरायला लागले. मग वाल्टरनी मला त्या वाटेच्या कडेला नेलं. तिथे यंत्रानं न दाबलेला बर्फ गुडघाभर होता. त्याला ते टीफश्ने म्हणायचे, खोल बर्फ. ऑफिसातली तरुण मुलं त्यालाच पावडर म्हणायची. शब्द बदलला होता, आणि शब्दाबरोबर बरंच काही.

वाल्टर सांगायचे, पूर्वी इथे माणसाला ओढून वर नेणारी एकच साधी लिफ्ट होती. वर जायला पाव तास लागायचा आणि पोटऱ्या भरून यायच्या. नवा बर्फ पडला की समोरचा उतार तीन-तीन दिवस कोरा राहायचा, कारण खोल बर्फात उतरता येणारी माणसं गावात दहा-बारा. स्की दोन मीटर लांब आणि अरुंद. त्या बुडायच्या, वळायच्या नाहीत. वाल्टरना ते जमायला सहा हिवाळे लागले. आणि एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता. पहिला माणूस उताराच्या उजव्या कडेनं उतरायचा. दुसऱ्यानं त्याच्या मागाला लागून आपला माग काढायचा, तिसऱ्यानं त्याला लागून. आडवंतिडवं कोणी जायचं नाही. बर्फ पुरवून वापरायचा. संध्याकाळी खालून पाहिलं तर अर्धा उतार वहीतल्या ओळींसारखा दिसायचा, आणि डावा अर्धा दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक असायचा.

"आणि कोणी मधूनच गेला तर?" मी विचारलं होतं.

"एकदा एक गेला होता. म्युनिकचा. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. जेवताना त्याच्या टेबलावर कोणी बसलं नाही, बस."

दोन वर्षांनी वाल्टर आणि मी 'डू'वर आलो, म्हणजे एकमेकांना नावानं हाक मारायला लागलो. जर्मनमध्ये मी त्यांना एकेरी बोलायचे, पण माझ्या मनातल्या मराठीत ते कायम अहोच राहिले. मैत्रेयी त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि ते जर्मनही वाल्टरच्या श्वाबिश, म्हणजे स्टुटगार्टकडच्या बोलीच्या वळणाचं. नागपूरला बाबांना फोनवर जयभीम घालून झाला की ती लगेच त्यांना ओपाच्या गोष्टी जर्मनमध्ये सांगायला लागायची. बाबा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे.

२००३ साली त्या गावातली जुनी लिफ्ट काढली. तिच्या जागी सहा माणसांची, काचेचं झाकण असलेली खुर्चीची लिफ्ट आली. पाच मिनिटांत वर. पायथ्याचं कुरण सपाट करून पार्किंग झालं. आणि त्याच सुमारास रुंद स्की दुकानांत आल्या. त्या बर्फावर तरंगायच्या. जे शिकायला वाल्टरना सहा हिवाळे लागले, ते या स्कींवर माणूस एका आठवड्यात करायला लागला. स्टुटगार्ट, उल्म, म्युनिकहून गाड्या भरून माणसं यायची. बर्फ पडल्याची बातमी आधी गावाला कळायची, आता इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यातून ती सगळ्यांना एकदमच कळायला लागली. सकाळी साडेआठला लिफ्ट सुरू व्हायची आणि दहाच्या आत तो उतार जनावरांचा कळप गेलेल्या शेतासारखा दिसायचा.

मीही त्या गर्दीतलीच. २००५च्या शरदात मी रुंद स्की घेतल्या. वाल्टरनी त्या हातात घेतल्या, कड अंगठ्यानं तपासली आणि म्हणाले, "इस्त्रीच्या फळ्या आहेत या." पण डिसेंबरमध्ये मी त्यांच्यासमोर त्या फळ्यांवरून गुडघाभर बर्फातून न पडता खाली आले. ओरडत, हसत. ते माझ्यामागून आपल्या जुन्या अरुंद स्कींवर उतरले. सुंदर उतरले, पण तीनदा थांबले. खाली आल्यावर ते बराच वेळ बुटांची बक्कलं नीट करत बसले. "छान झालं," असं म्हणाले. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. मला माझ्या आनंदापलीकडे काही दिसत नव्हतं. आज त्यांचं ते बक्कल नीट करणं मला जास्त स्पष्ट दिसतं.

गर्दीला कोरा उतार मिळेना, तशी माणसं दोरीपलीकडे जायला लागली. लिफ्टच्या वरच्या स्टेशनच्या डावीकडे पिवळी-काळी दोरी होती, धोक्याची पाटी होती, आणि पलीकडे डोंगराची मागची बाजू. तिकडे कोणी बर्फ तपासत नाही, कोणी राखण करत नाही. ऑफिसातल्या एका मुलाबरोबर मी दोनदा तिकडे जाऊन आले होते. त्याच्या सांगण्यावरून मी पीप्सरही घेतला होता. छातीला बांधायचं छोटं यंत्र. कोसळलेल्या बर्फाखाली कोणी गाडला गेला तर दुसऱ्याच्या यंत्रात त्याचा आवाज ऐकू येतो. दोघांकडेही यंत्र हवं, तरच. वाल्टरना मी म्हटलं होतं, तुम्हीही घ्या. ते म्हणाले, "मी दोरीच्या अलीकडे असतो. दोरी लावणारी माणसं मूर्ख नसतात."

२००६च्या जानेवारीत चार दिवस सलग बर्फ पडला. शनिवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. वाल्टर, हानेलोरे, मैत्रेयी आणि मी. मिलिंदला त्या दिवशी इंटरव्ह्यूची तयारी करायची होती. गाडीत वाल्टर खुशीत होते. उजव्या कडेनं सुरुवात करायची, मग पुढची ओळ, मग तिच्या पुढची, असं मैत्रेयीला खिडकीच्या काचेवर बोटानं काढून दाखवत होते. पण उल्मनंतर गाड्यांची रांग लागली. आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. हानेलोरे आणि मैत्रेयी नेहमीच्या गास्टहाऊसमध्ये, तिथल्या खानावळीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या. आम्ही दोघं वर गेलो.

वर ऊन होतं, आकाश निळं होतं, आणि समोरचा उतार संपलेला होता. एक हात जागा कोरी नव्हती. एकावर एक, आडवे, तिरके, खणल्यासारखे माग. वाल्टर काठ्यांवर भार टाकून उभे राहिले. आजूबाजूनं माणसं येत होती, जात होती, कोणाची काठी त्यांच्या स्कीला लागली. ते हलले नाहीत.

मी म्हटलं, "मागे बघू या का? तिथे अजून फारसं कोणी गेलं नसेल."

हे मी म्हटलं. त्यांनी नाही.

वरच्या स्टेशनजवळच्या फळ्यावर त्या दिवशी धोक्याची पातळी तीन लिहिलेली होती, पाचपैकी तीन. आम्ही दोघांनी ती वाचली. दोरीपर्यंत जाऊन आम्ही पाहिलं, पलीकडे तीन माग आधीच खाली गेलेले होते, व्यवस्थित, एकाशेजारी एक. माग असले की माणसाला वाटतं, इथून कोणीतरी सुखरूप गेलंय. वाल्टरनी त्या तीन ओळींकडे बघितलं. मग काठीनं दोरी वर उचलून धरली आणि मला म्हणाले, "वाक."

उताराच्या माथ्यावर ते थांबले. त्या डोंगरावर बेचाळीस वर्षं आलेला माणूस मला विचारत होता, "मी पुढे जाऊ?"

"जा ना," मी म्हटलं.

ते तीन मागांना लागून, अगदी हातभर अंतर ठेवून निघाले. चार वळणं. बर्फ त्यांच्या कमरेपर्यंत उडत होता आणि उन्हात खाली यायला वेळ घेत होता. अरुंद स्की, गुडघे जोडलेले, खांदे स्थिर. इतकं चांगलं उतरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग एक आवाज झाला. मोठा नाही. जाड गादीवर कोणी बसावं तसा. माझ्या स्कीच्या टोकापासून दोन पावलांवर बर्फात एक सरळ भेग पडली आणि तिच्या खालचा सगळा उतार एकदम निघाला. वाल्टरनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते होते, मग तिथे फक्त हलणारा बर्फ होता, मग तोही थांबला.

मी खाली गेले. कशी गेले ते आठवत नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला, नाव सांगितलं, जागा सांगितली. मग मी पीप्सर शोधायच्या बटणावर आणला आणि त्या ढिगाऱ्यावर इकडून तिकडे फिरले. वाल्टरकडे यंत्र नव्हतं हे मला माहीत होतं. तरीही फिरले. यंत्र शांत होतं. मग त्यांची एक काठी दिसली, मूठ वर आलेली, आणि मी तिथे खणायला लागले, आधी स्कीनं, मग हातांनी. जो बर्फ मघाशी पिठासारखा उडत होता, तो आता सिमेंटसारखा झाला होता. वरून तीन तरुण आले, त्यांच्याकडे फावडी होती. आम्ही चौघं त्या काठीभोवती खणत राहिलो. पाऊण तासानं बेर्गवाख्टची, डोंगरातल्या बचाव पथकाची माणसं आणि एक कुत्री आली. कुत्रीनं काठीजवळ नाक नेलं आणि ती सरळ खाली निघून गेली. पन्नास पावलं खाली जाऊन ती उकरायला लागली. तिथे वाल्टर होते, माणूसभर खोल. एवढा वेळ मी चुकीच्या जागी खणत होते.

गास्टहाऊसमध्ये मी शिरले तेव्हा हानेलोरे आणि मैत्रेयी पत्ते खेळत होत्या. हानेलोरेनं मला एकटीला पाहिलं. तिनं हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले, नीट, एकावर एक. मैत्रेयीनं विचारलं, जर्मनमध्ये, "ओपा कुठे आहे?" पाच वर्षं मी तिला मराठीत बोल म्हणून मागे लागत होते. त्या दिवशी मी तिला उत्तर जर्मनमध्ये दिलं, कारण मराठीत ते मला बोलता येईना.

नंतर पोलिसांनी माझा जबाब घेतला. दोरी कोणी उचलली, असं त्यांनी विचारलं. "त्यांनी," मी म्हटलं. ते खरं होतं. मागे जायचं कोणी सुचवलं, हे त्यांनी विचारलं नाही. घरी आल्यावर मी मिलिंदला म्हटलं, "मी त्यांना सांगायला हवं होतं."

"विचारलं नाही ना त्यांनी? मग?"

"हानेलोरेला तरी सांगायला हवं."

"प्रज्ञा, तिला आता काय सांगणार आहेस तू? आणि ते सांगून बरं कोणाला वाटणार आहे, तिला की तुला?"

वर्षभर मी सांगितलं नाही. जिन्यात भेटायचे, तिचं सामान दारापर्यंत आणून द्यायचे, माझ्या पाळीत आणि तिच्याही पाळीत जिना पुसायचे. ती 'डांके' म्हणायची आणि दार लावून घ्यायची. माझ्या स्की तळघरात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी वाल्टरच्या, बेर्गवाख्टनं परत दिलेल्या. मी तळघरात जायचं टाळायला लागले.

आता मिलिंदच्या नोकरीमुळे आम्ही लुडविग्सहाफेनला आहोत. इथल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तरुण मुलं मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. पाठीवरच्या पिशवीतला दोर ओढला की फुगा उघडतो आणि माणूस कोसळणाऱ्या बर्फाच्या वर तरंगत राहतो, म्हणे. कोणी हेलिकॉप्टरनं कॅनडाच्या डोंगरांवर उतरतो, तिथे पावडर अजून शिल्लक आहे म्हणून. त्यांची चूक आहे असं मी म्हणत नाही. मला ती ओढ माहीत आहे. कोऱ्या बर्फावर पहिलं वळण घेताना आवाजच येत नाही, आणि त्या शांततेसाठी माणूस पहाटे उठतो, रांगेत उभा राहतो, आणि एक दिवस दोरीखालून वाकतो. ते मला विचारतात, तू कधी केलंय का स्कीइंग? "थोडंसं," मी म्हणते आणि ताट उचलते.

वाल्टर गेले त्याच्या पुढचा हिवाळा आलाच नाही. २००७च्या जानेवारीतही त्सुफेनहाउझेनमध्ये लोक कोटाविना, नुसत्या स्वेटरवर फिरत होते. वर्ष पूर्ण होत आलं तेव्हा हानेलोरे पहिल्यांदा आमच्या दाराशी आली. "मला तिकडे जायचंय," म्हणाली. "तू नेशील का?"

आम्ही दोघीच गेलो. रस्त्यावर गाड्या नव्हत्या. डोंगर हिरवा होता, म्हशीच्या पाठीसारखे मध्येच काळे खडक. त्या हिरव्यातून वरून खालपर्यंत एकच पांढरा पट्टा आला होता, कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफांनी रात्रभर फवारलेला, दोन गाड्यांच्या रस्त्याएवढा रुंद. त्यावर माणसं एकामागून एक उतरत होती आणि खाली आल्यावर त्यांच्या कपड्यांवर चिखल असायचा. गास्टहाऊसच्या अंगणात आम्ही उन्हात बसलो. हानेलोरेनं कोट काढून मांडीवर ठेवला. वर लिफ्टच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या जात होत्या.

मी म्हटलं, "मागे जायचं मी सुचवलं होतं. वाल्टरनी नाही."

ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"चाळीस वर्षांत," ती म्हणाली, "मी सुचवलेली एक गोष्ट त्यानं ऐकली असेल तर शपथ." मग म्हणाली, "पण तू सुचवायला नको होतंस."

"हो."

"हो," ती म्हणाली.

वेट्रेस येऊन कॉफी ठेवून गेली. आम्ही दोघींनी कपाला हात लावला नाही. एक कुटुंब पट्ट्याच्या कडेला गवतावर स्की काढून उभं होतं, फोटो काढत होतं.

"बर्फ कसा होता त्या दिवशी?" हानेलोरेनं विचारलं. "मला कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी बाकीचं सगळं सांगितलं."

खोटं सांगावं असं एक क्षण मनात आलं. पण तिनं स्वतः तीस वर्षं तिथे स्की केलं होतं, तिला कळलं असतं.

"पहिली चार वळणं फार चांगला होता," मी म्हटलं. "कमरेपर्यंत उडत होता."

"चारच?"

"चारच."

तिनं मान हलवली. मग कोट खांद्यावर ओढून घेतला, ऊन असूनही, आणि आम्ही दोघी त्या हिरव्या डोंगरासमोर, लिफ्ट बंद होईपर्यंत बसून राहिलो.